रेल्वेभाडे आणि शेतकरी : कॅनडातील एका कायद्याचा धडा

(शेतकरी कार्यकर्त्यांच्या अभ्यासशिबिरात केलेले भाषण)



आज सायंकाळच्या सत्रात जो ठराव आपल्यापुढे यावयाचा आहे, त्याचा मसुदा सकाळीच सर्वांच्या हाती पडला आहे. ‘शेतमालाच्या रेल्वेभाड्यात पन्नास टक्के सवलत कायमस्वरूपी मिळावी’ ही त्यातील मुख्य मागणी आहे. या ठरावाला माझा विरोध नाही. मी मत बाजूनेच देणार आहे. परंतु मसुदा वाचताना मनात एक शंका उभी राहिली आणि ती आपल्यापुढे मांडावी म्हणून संयोजकांकडून मी हा तास मागून घेतला. समजा, उद्या सरकारने आपली मागणी शब्दशः मान्य केली आणि कमी भाडे कायद्याने कायमचे बांधून दिले, तर शेतकऱ्याचा प्रश्न सुटेल काय?

ही शंका हवेतली नाही. एका देशाने हा प्रयोग करून पाहिला आहे आणि थोडाथोडका काळ नव्हे, तर 98 वर्षे करून पाहिला आहे. तो देश म्हणजे कॅनडा. तेथील गव्हाच्या शेतकऱ्याला 1897 साली कमी भाड्याचा करार मिळाला, 1925 साली तो दर संसदेच्या कायद्याने कायमचा म्हणून निश्चित झाला आणि 1995 साली तो समूळ गेला. शेतकऱ्याने तो कसा मिळवला, तो मिळूनही अडचण का उरली आणि अखेर तो का गेला, हे आपण नीट पाहिले तर सायंकाळी कोणत्या दुरुस्त्या सुचवायच्या हे आपोआप स्पष्ट होईल.

वजाबाकीचा भाव

प्रथम भाड्याचे महत्त्व काय ते ध्यानात घेऊ. कारखानदार आपल्या मालाची किंमत बेरजेने ठरवतो. कच्चा माल, मजुरी, वीज, व्याज, नफा आणि वाहतूक अशी बेरीज करून तो दर छापतो. भाडे वाढले तर तो दर वाढवतो. शेतकऱ्याचा भाव मात्र वजाबाकीने ठरतो. गव्हाचा भाव लिव्हरपूलला ठरत असे. त्यातून जहाजाचे भाडे वजा, बंदरावरचा खर्च वजा, रेल्वेचे भाडे वजा, कोठाराचे शुल्क वजा, आडत्याचा हिस्सा वजा. आणि मग जे उरेल ते शेतकऱ्याचे. म्हणून रेल्वेचे भाडे वाढले की ते ग्राहकाच्या खिशातून जात नाही, शेतकऱ्याच्या घरातून जाते. निवडून न आलेल्या माणसाने बसवलेला तो करच असतो.

कॅनडाच्या पश्चिमेकडील गवताळ प्रदेशात, म्हणजे आजच्या मॅनिटोबा, सस्कॅचवन आणि अल्बर्टा या प्रांतांत, हा कर विशेष जाचक होता. समुद्र हजार-दीड हजार मैलांवर. जलमार्ग नाही. बैलगाडीने किंवा घोडागाडीने धान्य न्यावे असे ते अंतरच नाही. रेल्वे एकच, कॅनेडियन पॅसिफिक. देशाच्या एका टोकाला दुसरे टोक जोडणारी ही रेल्वे नोव्हेंबर 1885 मध्ये पुरी झाली. त्यासाठी सरकारने कंपनीला अडीच कोटी डॉलर आणि अडीच कोटी एकर जमीन दिली. ही जमीन क्री, ब्लॅकफूट, मेटी अशा मूळच्या लोकांची होती. 1885 साली मेटींनी उठाव केला तेव्हा तो मोडण्यासाठी फौजा याच अर्धवट रुळांवरून आणल्या गेल्या. दुसऱ्याच्या हक्कावर उभ्या राहिलेल्या या वसाहतीचा इतिहास सांगताना ही गोष्ट झाकून ठेवणे आपल्याला शोभणार नाही.

जमीन आणि पैसा यांच्या जोडीला कंपनीला आणखी एक देणगी मिळाली होती. तिच्या मार्गाच्या दक्षिणेला, अमेरिकेच्या सीमेपर्यंत, वीस वर्षे दुसऱ्या कोणी स्पर्धक रेल्वे बांधू नये असे कलम करारात होते. मॅनिटोबात याविरुद्ध इतका असंतोष माजला की 1888 साली सरकारला हे कलम रद्द करावे लागले. मक्तेदारी कागदावरून गेली, व्यवहारात राहिली. शिवाय 1879 पासून चढ्या आयातकराचे धोरण असल्यामुळे शेतकऱ्याला नांगर आणि कापणीयंत्र ओंटारिओच्या कारखानदाराकडूनच घ्यावे लागे. म्हणजे पूर्वेकडून येणाऱ्या यंत्राचे भाडे त्याच्याच माथी आणि पूर्वेकडे जाणाऱ्या गव्हाचे भाडेही त्याच्याच माथी.

1897 चा सौदा

अशा स्थितीत 1890 च्या दशकात ब्रिटिश कोलंबियाच्या दक्षिण डोंगरांत खनिजे सापडली. अमेरिकन रेल्वे तिकडे शिरकाव करू लागल्या. कॅनेडियन पॅसिफिकला लेथब्रिजपासून क्रोज नेस्ट नावाच्या खिंडीतून त्या भागात मार्ग टाकायचा होता आणि त्यासाठी पुन्हा सरकारी पैसा हवा होता. विल्फ्रिड लॉरिए यांच्या सरकारने मैलामागे 11 हजार डॉलरपर्यंत अनुदान देऊ केले. परंतु या वेळी बदल्यात काही मागितले. पूर्वेकडे जाणाऱ्या धान्याचे व पिठाचे भाडे शंभर पौंडांमागे 3 सेंटांनी कमी करावे आणि पश्चिमेकडे येणाऱ्या शेतीअवजारे, तार, रॉकेल, फळे, घरसामान अशा ठरावीक वस्तूंचे भाडेही उतरवावे, अशी अट घातली गेली. विनिपेगपासून फोर्ट विल्यम या सरोवरावरील बंदरापर्यंतचा गव्हाचा दर 17 सेंटांवरून 14 सेंटांवर आला. हाच तो क्रोज नेस्ट करार. लोकांच्या तोंडी ‘क्रो दर’.

या सौद्याचे स्वरूप लक्षात घ्या. ही सरकारने शेतकऱ्यावर केलेली मेहेरबानी नव्हती. जनतेच्या पैशातून कंपनीला मदत द्यावयाची, तर जनतेला काय मिळणार असा प्रश्न विचारला गेला आणि उत्तर करारात लिहून घेतले गेले. पुढे ऐंशी वर्षांनी रेल्वे जेव्हा तोट्याची तक्रार करू लागली, तेव्हा शेतकऱ्यांचे उत्तर तयार होते : तुम्ही या दराची किंमत आधीच वसूल केली आहे, जमीन घेतली, अनुदान घेतले, आता करार पाळा.

आणखी एक गोष्ट. 1897 हेच साल महाराष्ट्राच्या इतिहासात दुष्काळाचे आणि प्लेगचे साल म्हणून नोंदलेले आहे. आपल्याकडेही रेल्वे होतीच. तीही खासगी कंपन्यांनी, भांडवलावर 5 टक्के व्याजाच्या सरकारी हमीवर बांधलेली; आणि हमीची तूट भरून निघे ती येथील रयतेच्या करातून. पैसा जनतेचाच, पण बदल्यात रयतेसाठी काही मागणारे कोणी नव्हते, कारण रयतेला मत नव्हते. बंदराकडे जाणाऱ्या कच्च्या मालाला स्वस्त दर आणि देशातल्या देशात जाणाऱ्या मालाला महाग दर ही भारतीय उद्योजकांची आणि राष्ट्रीय नेत्यांची तक्रार पुढे 1916-18 च्या औद्योगिक आयोगापुढेही गेली. रूळ दोन्हीकडे सारखेच होते. फरक होता तो मताच्या अधिकाराचा.

वाघिणींसाठी लढा

दर उतरला, पण लवकरच शेतकऱ्याला कळून चुकले की दर हा केवळ कागदावरचा आकडा आहे. 1901 साली गव्हाचे विक्रमी पीक आले आणि ते वाहून न्यायला वाघिणीच मिळेनात. धान्य रुळांच्या कडेला पडून राहिले. त्या काळी प्रत्येक स्थानकाजवळ ‘एलेव्हेटर’ नावाची उंच लाकडी कोठारे असत. ती मोठ्या धान्यकंपन्यांच्या मालकीची. रेल्वे आपल्या वाघिणी प्रथम या कोठारांना देई. शेतकऱ्याने स्वतः वाघीण मागितली तर ‘शिल्लक नाही’ हे उत्तर ठरलेले. मग त्याने जावे कोठे? कोठारवाल्याकडेच. तो सांगेल ते वजन, तो ठरवील ती प्रत, तो देईल तो भाव. संसदेने कमी केलेले भाडे अशा रीतीने शेतकऱ्याऐवजी कोठारवाल्याच्या पदरात पडू लागले.

त्या वर्षी इंडियन हेड या गावी डब्ल्यू. आर. मदरवेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शेतकऱ्यांची संघटना उभारली. त्यांची मागणी साधी होती : स्थानकावर एक नोंदवही असावी, ज्याने आधी मागणी नोंदवली त्याला आधी वाघीण मिळावी, मग तो कोठारवाला असो की एका वाघिणीपुरता गहू असलेला शेतकरी असो. 1902 साली धान्यविषयक कायद्यात तशी दुरुस्ती झाली. परंतु कायदा झाला म्हणून रेल्वेने तो पाळला नाही. संघटनेने मग मोठ्या धोरणाने पाऊल टाकले. सिंटालुटा नावाच्या लहानशा स्थानकावरील रेल्वेच्या एजंटावर तिने फिर्याद केली. कायदा डावलून कोठारांना वाघिणी दिल्या हे सिद्ध झाले, एजंटाला दंड झाला. कंपनीने सर्वोच्च न्यायालयापर्यंत धाव घेतली आणि तेथेही ती हरली. दंडाची रक्कम किरकोळ होती. परंतु त्या दिवसापासून पश्चिमेतील प्रत्येक स्थानकावर नोंदवहीला अर्थ आला. याच सिंटालुटाचे ई. ए. पार्ट्रिज यांनी पुढे 1906 साली शेतकऱ्यांची स्वतःची धान्यविक्री कंपनी उभी केली.

साथींनो, या संबंध इतिहासात मला सर्वांत मोलाचा वाटणारा प्रसंग हाच आहे. 1897 चा दर राजधानीतील वाटाघाटीतून आला. 1902 ची नोंदवही शेतकऱ्यांनी संघटना बांधून, खेड्यातल्या स्थानकावर उभे राहून, न्यायालयात जाऊन मिळवली. आणि तिच्यावाचून तो दर फुकट जात होता.

कायमचा दर

पहिल्या महायुद्धाच्या काळात महागाई वाढली, भाडी चढली आणि 1919 साली क्रो दर तीन वर्षांसाठी स्थगित झाला. युद्ध संपल्यावर धान्याचे भाव कोसळले, भाडे मात्र चढेच राहिले. त्या संतापातून 1921 च्या निवडणुकीत शेतकऱ्यांच्या प्रोग्रेसिव्ह पक्षाने साठाहून अधिक जागा जिंकल्या. मॅकेंझी किंग यांच्या सरकारला त्यांच्याकडे काणाडोळा करणे शक्य नव्हते. 1922 साली धान्याचे दर पूर्ववत झाले. त्यानंतर एक कायदेशीर पेच निघाला. 1897 चा करार त्या वर्षी अस्तित्वात असलेल्या मार्गांनाच लागू आहे, नंतर बांधलेल्या मार्गांना नाही, असा निर्णय न्यायालयाने दिला. म्हणजे जुन्या मार्गावरील स्थानकाला एक दर आणि शेजारच्या नव्या मार्गावरील स्थानकाला दुसरा. तेव्हा 1925 साली संसदेने कायदाच केला : पश्चिमेतील सर्व स्थानकांना, सर्व रेल्वेंना, सरकारी कॅनेडियन नॅशनललाही, धान्य व पीठ यांसाठी हाच दर लागू राहील. अवजारे, तार वगैरे परतीच्या मालाची सवलत मात्र त्याच वेळी गेली.

दर टन-मैलाला साधारण अर्धा सेंट. या आकड्याला लोक आपल्या हक्काची सनद मानू लागले आणि त्यांची ती भावना समजण्यासारखी आहे. 1930 च्या दशकात मंदी आणि अवर्षण अशी दुहेरी आपत्ती कोसळली, तेव्हा निदान भाडे वाढणार नाही एवढा एक आधार त्या कुटुंबांना होता. त्याच दशकात, 1933 साली, सस्कॅचवनमधील रेजायना शहरी तेथील समाजवाद्यांनी आपला जाहीरनामा मंजूर केला आणि वाहतुकीच्या सामाजिक मालकीची मागणी केली. 1944 साली टॉमी डग्लस यांच्या नेतृत्वाखाली त्याच प्रांतात त्यांचे सरकार आले. भाड्याच्या लढ्यात तयार झालेले कार्यकर्तेच त्या पक्षाचा कणा होते.

गोठलेल्या दराचे दुखणे

आता कथेचा अवघड भाग येतो आणि तो सांगताना आपण आपल्याशीच प्रामाणिक राहिले पाहिजे. कायद्याने आकडा गोठवला. परंतु मजुरी, पोलाद, इंधन यांच्या किमती गोठल्या नाहीत. दुसऱ्या महायुद्धानंतर हे अंतर रुंदावत गेले. 1961 साली एका शाही आयोगाने धान्यवाहतूक तोट्यात चालते असे सांगितले. 1967 साली इतर मालाच्या दरांवरील बंधने बऱ्याच अंशी सैल झाली. क्रो दराला हात लावायला कोणी धजले नाही.

मग रेल्वेने काय केले? दर तिच्या हातात नव्हता. वाघिणी तिच्या हातात होत्या, रूळही तिच्या हातात होते. तिने धान्यासाठी नव्या वाघिणी घेणे बंद केले. जुने लाकडी डबे गळू लागले, मोडू लागले. आडमार्गांवरील रूळ झिजत गेले, गाड्यांची गती मंदावली आणि मग ‘हा मार्ग परवडत नाही’ असे अर्ज येऊ लागले. 1970 च्या दशकात परदेशी गिऱ्हाईक मिळूनही गहू वेळेवर बंदराला पोहोचेना. अखेर केंद्र सरकारला स्वतःच्या पैशाने हजारोंनी वाघिणी विकत घेऊन रेल्वेला वापरायला द्याव्या लागल्या. गहू-मंडळाने आणि प्रांतांनीही घेतल्या. ज्या शेतकऱ्याने भाड्यात वाचवले, त्यानेच करदाता म्हणून वाघिणीचे पैसे भरले.

दुसरे दुखणे अधिक खोल होते. सवलत मुख्यतः कच्च्या धान्याला होती. तेच धान्य गुरांना घालून मांस पाठवले, किंवा तेलबिया गाळून तेल पाठवले, तर पूर्ण भाडे. परिणाम असा झाला की कच्चा माल बाहेर पाठवणे स्वस्त आणि त्यावर गावातच प्रक्रिया करणे महाग. पश्चिमेतील तरुण रोजगारासाठी बाहेर पडत राहिले. शेतकऱ्याच्या भल्यासाठी केलेला दर त्याच्या मुलाच्या रोजगाराआड येत होता, हे टीकाकारांचे म्हणणे केवळ रेल्वेची वकिली म्हणून उडवून लावता येत नाही.

आधी सवलत गेली, मग रूळ

या दुखण्यावर उपाय दोन होते. एक, दर, वाघिणी आणि मार्ग या तिन्हींवर सार्वजनिक नियंत्रण आणून दर खर्चानुसार उघडपणे ठरवत जाणे. दोन, दरच काढून टाकणे. 1983 साली मधला रस्ता निघाला. नव्या कायद्याने गोठलेला दर संपवला, शेतकऱ्याचा हिस्सा टप्प्याटप्प्याने वाढवला आणि उरलेली तूट सरकारने भरावी असे ठरवले. ही रक्कम वर्षाला 65 कोटी डॉलरहून थोडी अधिक होती. ती शेतकऱ्याला द्यावी की रेल्वेला, यावर मोठा वाद झाला. शेतकऱ्याच्या हाती दिली तर पश्चिमेतील पशुपालन वाढेल, या धास्तीने क्वेबेकच्या शेतकऱ्यांनी विरोध केला आणि पैसा रेल्वेकडेच गेला. न्यू डेमोक्रॅटिक पक्षाने संसदेत या कायद्याला कडवा विरोध केला. तो अपुरा पडला.

येथे एक सूक्ष्म बदल घडला होता. तोवर कमी भाडे हा कायद्याने ठरलेला दर होता. आता ते अंदाजपत्रकातील एक रक्कम झाले. दर बदलायचा तर साऱ्या देशासमोर त्या दरावरच वाद घालावा लागतो. रक्कम काढून टाकायला वित्तमंत्र्याचे एक भाषण पुरते. फेब्रुवारी 1995 च्या अंदाजपत्रकात पॉल मार्टिन यांनी तेच केले. 1 ऑगस्ट 1995 पासून अनुदान बंद झाले. भरपाई म्हणून 160 कोटी डॉलर एकदाच वाटले गेले आणि तेही जमिनीच्या मालकांना. त्याच वर्षी कॅनेडियन नॅशनल ही सरकारी रेल्वे समभाग विकून खासगी करण्यात आली.

त्यानंतरच्या वर्षांत शेतकऱ्याचे भाडे अनेक ठिकाणी दुपटीच्या घरात गेले. आडमार्ग उखडले गेले. 1930 च्या दशकात साडेपाच हजारांहून अधिक कोठारे होती. आज ती काही शे आहेत. जी आहेत ती प्रचंड, काँक्रीटची, पूर्ण गाडी एकाच वेळी भरणारी. पूर्वी शेतकरी आठ-दहा मैलांवर धान्य नेई, आता पन्नास-साठ मैल ट्रकने नेतो आणि तो खर्च रेल्वेच्या हिशेबात कोठेच दिसत नाही.

तथापि बाजारावर सोडून दिले की सारे सुरळीत होते, हेही खरे ठरले नाही. 2000 साली सरकारला पुन्हा नियंत्रण आणावे लागले. या वेळी दर न बांधता, पश्चिमेतील धान्यवाहतुकीतून दोन्ही रेल्वेंनी वर्षाला जास्तीत जास्त किती उत्पन्न घ्यावे याची मर्यादा ठरवण्यात आली. ही मर्यादा खर्चाबरोबर हलते. परंतु 2013 च्या हंगामात विक्रमी पीक आले आणि 1901 चीच पुनरावृत्ती झाली. दर मर्यादेत होता, वाघिणी नव्हत्या. मार्च 2014 मध्ये सरकारला आदेश काढावा लागला की प्रत्येक रेल्वेने आठवड्याला किमान 5 लाख टन धान्य हलवावे, नाहीतर दिवसाला एक लाख डॉलरपर्यंत दंड. सिंटालुटाच्या नोंदवहीनंतर एक शतक लोटले होते आणि प्रश्न तोच होता.

आपल्या घरचा हिशेब

आता आपल्या ठरावाकडे येऊ. आपली रेल्वे सरकारी आहे, ही फार मोठी जमेची बाजू आहे. परंतु सरकारी मालकी म्हणजे आपोआप लोकांचे नियंत्रण असे आपण मानून चालतो, तेथे फसतो. आपल्याकडे भाडे ठरवणारे आणि गाडी चालवणारे एकच. मग शेतकऱ्याने दाद कोठे मागावी? स्वातंत्र्यानंतर रेल्वे-दर न्यायाधिकरण स्थापन झाले होते. परंतु 1989 च्या रेल्वे कायद्यानुसार मालाचे वर्गीकरण आणि पार्सल म्हणून जाणाऱ्या मालाचे भाडे हे विषय त्याच्या कक्षेबाहेर ठेवले गेले. नाशवंत भाजीपाला आणि फळे बहुधा पार्सल म्हणूनच जातात! पुढे 2017 साली हे न्यायाधिकरणही रेल्वे-दावा न्यायाधिकरणात विलीन झाले आणि त्याच वर्षापासून स्वतंत्र रेल्वे अंदाजपत्रकाची प्रथाही संपली. भाड्यावर निदान वर्षातून एकदा संसदेत सविस्तर चर्चा होण्याचा जो प्रसंग होता, तोही गेला.

7 ऑगस्ट 2020 रोजी देवळालीहून दानापूरला पहिली किसान रेल्वे निघाली. भाजीपाला आणि फळांना भाड्यात 50 टक्के सवलत होती. त्याच वर्षी 28 डिसेंबरला सांगोल्याहून शालीमारला शंभरावी गाडी सुटली. सांगोल्याचे डाळिंब बंगालात स्वस्त भाड्याने पोहोचले हे चांगलेच झाले. चांगल्याला चांगले म्हणण्यात कमीपणा नाही. परंतु ती सवलत कशातून आली होती? एका मंत्रालयाच्या योजनेतून. योजनेला मुदत असते, हक्काला नसते. शिवाय 1980 नंतरच्या काळात रेल्वेने सुट्या वाघिणींची वाहतूक क्रमाने कमी करून पूर्ण गाडीच्या वाहतुकीवर भर दिला आहे. पूर्ण गाडी भरण्याची ताकद कोणाची? चार एकर कांदा असलेल्या शेतकऱ्याची नव्हे. म्हणजे सवलतीचे भाडे जाहीर झाले तरी ते प्रथम व्यापाऱ्याच्या वहीत उतरते आणि त्यातील किती भाग शेतकऱ्याच्या भावात उतरतो, हे व्यापाऱ्याच्या मर्जीवर राहते. कोठारवाल्याची गोष्ट आपल्याला एवढ्या परिचयाची वाटली ती याचमुळे.

ठरावाला दुरुस्त्या

म्हणून मसुद्यातील एका ओळीच्या मागणीला पाच दुरुस्त्या जोडाव्यात, अशी माझी सूचना आहे.

पहिली : सवलत योजनेतून नव्हे, कायद्यातून मिळावी, परंतु आकडा गोठवू नये. वाहतुकीचा खरा खर्च दरवर्षी जाहीर व्हावा, त्यावर उघड सुनावणी व्हावी आणि त्यातील शेतकऱ्याचा हिस्सा किती, सरकारचा किती, हे तेथे ठरावे.

दुसरी : प्रत्येक माल-स्थानकावर वाघिणींच्या मागणीची नोंदवही सर्वांना पाहता यावी. क्रम डावलला किंवा कबूल केलेल्या दिवशी वाघीण दिली नाही, तर नासलेल्या मालाची भरपाई रेल्वेने द्यावी.

तिसरी : शेतकऱ्यांच्या सहकारी संस्थांना आणि लहान उत्पादकांच्या गटांना सुट्या वाघिणी मिळण्याचा हक्क असावा. माल चढवण्याचे कोणतेही स्थानक त्या गावात सुनावणी घेतल्यावाचून बंद होऊ नये.

चौथी : रेल्वेपासून स्वतंत्र असे दर-न्यायपीठ असावे, पार्सलचे भाडेही त्याच्या कक्षेत यावे आणि शेतकरी संघटनेला तेथे फिर्याद करता यावी.

पाचवी : कच्च्या मालाला जी सवलत, तीच त्यावर गावात प्रक्रिया केलेल्या मालाला मिळावी. कांद्याला सवलत आणि सुकवलेल्या कांद्याला नाही, द्राक्षाला आहे आणि बेदाण्याला नाही, असे होऊ नये. कॅनडाने ही चूक सत्तर वर्षे केली. आपण ती डोळसपणे टाळू शकतो.

काही साथी म्हणतील, एवढे सारे मागितले तर मूळ मागणी पातळ होईल. सभेत घोषणा द्यायला एकच आकडा बरा असतो, हे मला मान्य आहे. परंतु आकडा मिळाल्यावर घरी जाणाऱ्या चळवळीचे काय होते, ते आपण आताच पाहिले. कॅनडातील शेतकऱ्याने 1925 साली दर मिळवला आणि तो दर राखण्यातच त्याची दोन पिढ्यांची शक्ती खर्च झाली. त्या काळात वाघिणी, रूळ आणि हिशेबाच्या वह्या दुसऱ्यांच्या ताब्यात राहिल्या. ज्याच्या हाती या वस्तू, त्याच्या हाती अखेर दरही गेला.

सायंकाळी मतदान होईल. त्यानंतर आपण आपापल्या तालुक्याला परत जाल. ठराव दिल्लीला पोहोचायला वेळ लागेल. मधल्या काळात आपल्या जवळच्या माल-स्थानकावर जा. मागच्या हंगामात वाघिणी किती मागितल्या गेल्या, किती मिळाल्या, कोणाला मिळाल्या आणि कोणत्या क्रमाने, हे विचारा. नोंद दाखवत नसतील तर लेखी अर्ज द्या आणि उत्तराची प्रत जपून ठेवा. सिंटालुटाला लढा सुरू झाला तो अशाच एका साध्या प्रश्नाने.